यादीत नसलेली २.४

सोमवार, ९ जून

प्रेमराजभाऊंनी सकाळी केबिनमध्ये बोलावलं. कंपनी त्यांची. केळी उत्पादकांना रोजचा भाव आणि कापणीचा नंबर दाखवणारं 'घड' नावाचं अ‍ॅप आम्ही बनवतो. एकूण नऊ माणसं, त्यात लिहिण्याचं काम माझं.

"मॅडम, जितूभाऊ एकतीस जुलैला सोडून चालले. पुण्याला. तुम्हाला माहीतच असेल."

मला माहीत नव्हतं. मी "हो" म्हटलं. हे खोटं पहिल्याच पानावर नोंदवून ठेवते.

"त्यांचं ते यादीचं टूल आहे ना, त्यांच्याशिवाय कोणाला कळत नाही. ते जायच्या आत त्याची माहितीपुस्तिका करून ठेवा. ते धुळ्याहून, तुम्ही जळगावहून. समोरासमोर बसायची गरज नाही. काय भांडायचं ते कॉमेंटमध्ये भांडा." ते हसले आणि लगेच समोरची फाइल चाळू लागले.

जितेंद्र माझा नवरा. अठ्ठावीस जुलैपर्यंत. जानेवारीत आम्ही दोघांच्या संमतीनं अर्ज केला, तेव्हापासून तो धुळ्याला आईकडे राहतो आणि तिथूनच काम करतो. अठ्ठावीसला शेवटची तारीख. न्यायाधीश विचारतील, आम्ही हो म्हणू. अठरा वर्षं झाली लग्नाला. कारण काय, असं लोक विचारतात तेव्हा मला सांगता येत नाही. मारहाण नाही, दारू नाही, दुसरं कोणी नाही. घरातलं बोलणं संपलं होतं. कधी संपलं ते सांगता येत नाही, म्हणून कारणही सांगता येत नाही.

आजवर वहीत मी त्याला 'हे' लिहीत आले. आता जितेंद्र लिहीन. हात अडखळतोय.

बुधवार, ११ जून

टूल चालवून पाहिलं. काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप केला की 'घड'च्या आजवरच्या सगळ्या आवृत्त्या ओळीनं खाली येतात. क्रमांक, तारीख, सध्या किती फोनमध्ये आहे आणि काय बदललं ते एका वाक्यात. एवढंच. पण कोणी शेतकरी फोन करून "माझ्या मोबाइलात भाव दिसत नाही" म्हणाला की आधी हीच यादी उघडावी लागते.

पहिला प्रश्न समासात टाकला: "तारीख कोणती? आवृत्ती तयार झाल्याची की लोकांना मिळाल्याची?"

दहा मिनिटांत उत्तर आलं: "लोकांना मिळाल्याची. तुम्ही तसं स्पष्ट लिहावं."

तुम्ही. अठरा वर्षं तो मला तू म्हणत आला. मी त्याला तुम्ही म्हणते, ती सासरची रीत. आता दोघंही तुम्ही. कामाच्या ठिकाणी हेच बरोबर आहे, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. तरी वाटलं. जे वाटलं ते लिहायचं, असं ठरवूनच ही वही सुरू केली आहे.

सोमवार, १६ जून

पहिली तीन पानं झाली होती. आज पाहते तर त्यानं रकान्यांचा क्रम बदलला. आधी क्रमांक होता, आता तारीख पहिली. माझी सगळी उदाहरणं चुकली. विचारलं, "हा बदल आत्ताच का?" उत्तर: "वाचायला सोपं जातं."

तिन्ही पानं पुन्हा केली.

आणखी एक. आज मी त्याला विचारलं, इंटरनेट नसेल तर टूल काय दाखवतं. हे मला वाय-फाय बंद करून दोन मिनिटांत कळलं असतं. तरी विचारलं.

गुरुवार, १९ जून

यादीत २.३ नंतर एकदम २.५ येते. २.४ नाहीच. मला वाटलं, टूलमध्ये चूक आहे.

प्रेमराजभाऊंना विचारलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "तिचं नाव काढू नका. चार तास होती बाजारात. कालचा भाव आजचा म्हणून दाखवत होती. पहूरच्या एका बाईनं फोन करून माझ्या सात पिढ्या काढल्या. संध्याकाळच्या आत मागे घेतली."

म्हणजे २.४ होती. मागे घेतलेली आवृत्ती यादीत दिसू नये, अशी सोय जितेंद्रनं केली आहे. कमांडपुढे 'सगळ्या' असा शब्द जोडला तरच ती दिसते. हे त्यानं कुठेही लिहून ठेवलेलं नाही.

सोमवार, २३ जून

मी समासात लिहिलं: "माझ्या मते मागे घेतलेली आवृत्तीही यादीत दिसावी. पुढे 'मागे घेतली' असं लिहावं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, मधला आकडा हरवला."

तो: "जी कोणाच्याच फोनमध्ये नाही ती दाखवून काय करायचं?"

मी: "पण तिचा आकडा दुसऱ्या कोणाला दिला नाही ना. पुढची २.५च झाली. म्हणजे ती होती, हे तुम्हीही धरून चालला आहात."

चार वाजले, पाच वाजले. समोरच्या टेबलावरची डिंपल, नुकती लागलेली मुलगी, म्हणाली, "मॅडम, सर टाइप करताहेत असं दिसतंय आणि परत बंद होतंय. मघापासून." मी म्हटलं, "धुळ्याला नेट नीट नसेल."

बुधवार, २ जुलै

आज चौथा बदल. तारखेत महिना आता आकड्यात नाही, अक्षरात येतो. पुन्हा सगळी पानं. प्रेमराजभाऊ माझ्या मागे उभे राहून बघत होते. "या माणसाला जायचंय की राहायचंय? लग्नघरात पाहुणा चप्पल घालून पुन्हा पुन्हा आत येतो, तसं चाललंय याचं."

मला वाटतं, माझं लिहिणं त्याला पसंत नाही. सरळ सांगायचं नाही, म्हणून पायाखालचं बदलत राहतो. तो पहिल्यापासून असाच आहे.

२.४ च्या कॉमेंटखाली नऊ दिवसांनी त्याचं उत्तर आलंय: "काही माणसं स्वतःच्या हातानं काढून टाकतात आणि मग विचारतात, कुठे गेलं."

हे कोणाबद्दल आहे ते कळलं नाही. प्रेमराजभाऊंबद्दल असावं. २.४ मागे घ्यायचा निर्णय त्यांचाच होता.

शनिवार, ५ जुलै

या वहीत एक गोष्ट लिहायची मी टाळत आले आहे. न लिहिणं हेही खोटंच.

ऑक्टोबर २०११. आम्हाला मुलगा झाला. धुळ्यालाच. अकरा दिवस जगला. बाराव्या दिवशी बारसं होतं, शेजारच्या लताबाईंकडून पाळणा आणून ठेवला होता. नाव ठेवायचं राहिलं. कागदांवर 'बेबी ऑफ सुलक्षणा' एवढंच आहे.

जितेंद्रनं दुसऱ्याच दिवशी पाळणा परत नेऊन दिला. मी खोलीत पडून होते, जिन्यावर पाळण्याच्या कड्या वाजताना ऐकल्या. तेव्हापासून त्यानं एकदाही विषय काढला नाही. मी दोनदा काढला, तो उठून गेला. मग मीही थांबले. पुरुषाला विसरता येतं, असं मी स्वतःला समजावलं. त्याबद्दल त्याला मनातून कधी माफ केलं नाही, हेही आता लिहून टाकते.

त्यानंतर मूल झालं नाही.

शुक्रवार, ११ जुलै

नऊ पानं. पाचवा बदल झाला. मी काही विचारलं नाही.

रविवार, २० जुलै

धुळ्याला जाऊन आले. सासूबाईंना कोर्टाकडून किंवा गावाकडून कळण्याआधी मी स्वतः सांगावं, असं वाटलं. जितेंद्रला कळवलं नाही. पारोळ्याला बस अर्धा तास थांबली, तेवढ्या वेळात दोनदा परत फिरावंसं वाटलं.

सुनंदाबाई ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. श्रावणातला कानबाई देवीचा सण चौदा दिवसांवर आला, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही.

"ये व बेटा. बस आठे. गहूले हात लाव."

"हे आहेत का घरी?" सवयीनं 'हे' गेलं तोंडातून.

"जितू बाहेर जायेल शे."

त्याच्या चपला दाराशी होत्या. दुसऱ्या घालून गेला असेल.

मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी सूप हलवत मला थांबवलं. "माले माहीत शे. तो काही सांगत नही. पन आपला ताट आपन घासस. माले समजत नही का?"

मग आम्ही दोघी खडे काढू लागलो. काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आई, यंदाही पाचच सव्वा मुठी ना?"

माझ्या माहेरी, असोद्याला, आमच्या घरात कानबाई बसत नाही. ही रीत मी सासरी येऊन पाहिली. रोटाचं दळण करताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे. सासरे झुलाल आबा, त्यांचे भाऊ चिंधा नाना, मोठे दीर रतिलाल भाऊ, त्यांचा भूषण आणि जितेंद्र. पाच. तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्या कोणाला द्यायचा नाही.

"सहा," सुनंदाबाई म्हणाल्या.

"सहावी कोणाची?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की मला वाटलं, माझं काही चुकलं.

"तुले माहीत नही व्हतं?"

"काय?"

"पाच नावन्या, एक बिगरनावनी. बारसं नही व्हयनं, म्हनीसन नाव नही. पन त्यानी मूठ मी दर साल टाकस."

२०१२ चा श्रावण मला आठवला. बाळ गेल्यानंतरची पहिली कानबाई. त्या नावं घेत मुठी टाकत होत्या, पाच झाल्या, आणि नाव न घेता त्यांनी सहावी टाकली. मला वाटलं, मोजण्यात चुकल्या. देवाच्या कामात चूक नको, म्हणून मी म्हटलं, "आई, एक जास्त झाली." आणि माझ्या हातानं एक सव्वा मूठ गहू उचलून परत डब्यात टाकले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मला तर वाटलं होतं, बरं झालं माझं लक्ष होतं.

"जितू दारमा उभा व्हता," त्या म्हणाल्या. "त्यानी माले सांगं, आई, तिले काही बोलू नको. आमले बठ्ठासले वाटनं, तुले त्यानी आठवन नको शे. मंग तू पानी भराले जास, तवय टाकी देस मी ती मूठ."

म्हणजे सगळ्यांना वाटलं, मलाच बाळाची आठवण नको. तेरा वर्षं. दर श्रावणात मी पाणी भरायला जायचे तेवढ्यात.

माडीवर काही तरी पडल्यासारखा आवाज झाला. मी वर पाहिलं. "मांजर शे," सुनंदाबाई म्हणाल्या.

सव्वाचारची बस धरली.

सोमवार, २१ जुलै

काय करावं यावर दिवसभर विचार केला. फोन केला तर रडेन, आणि रडले तर तो दयेनं काही तरी बोलेल. दया नको. जिथे आमचं बोलणं चालतं तिथेच लिहिलं, २.४ च्या कॉमेंटखाली. डिंपल वाचू शकते, प्रेमराजभाऊ वाचू शकतात. वाचोत.

"२०१२ साली मी जे परत डब्यात टाकलं ते काय होतं, मला माहीत नव्हतं. काल कळलं."

बुधवार, २३ जुलै

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते.

"जे रविवारी कळलं ते मलाही त्याच दिवशी कळलं. तुला माहीत नव्हतं. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही आणि तेरा वर्षं तुझ्याशी तसा वागलो. आता कुठल्या तोंडानं काही बोलू."

आईंनी त्याला संध्याकाळी सांगितलं असणार.

'तू' लिहिलंय. दोनदा लिहिलंय. पण शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला विषय वाढवायचा नाही, असाच त्याचा अर्थ होतो. त्याची पुण्याची नोकरी ठरली आहे, तारीख पाच दिवसांवर आली आहे. माझ्या मनाच्या समाधानासाठी मी त्याला पुन्हा ओढायचं का? तो हक्क मी गमावला आहे. चूक माझ्या हातून झाली होती.

मी लिहिलं, "ठीक आहे." आणि कॉमेंटवर 'प्रश्न सुटला' अशी खूण केली. खूण केली की कॉमेंट समासातून नाहीशी होते, हे मला माहीत होतं. तरीही ती जाताना बघून दचकले.

सोमवार, २८ जुलै

झालं.

सव्वाअकराला पुकारा झाला. तो पांढऱ्या शर्टात आला होता. कॉलर आतून फाटलेली होती. मी असते तर उलटवून शिवली असती, हे तिथे उभं राहून मनात येऊन गेलं.

न्यायाधीश बाई होत्या, माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "सहा महिने होते तुमच्याकडे. विचार बदललाय का? निर्णय पक्का आहे?"

आधी त्याला विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघून काही तरी बोलला. बाईंना ऐकू आलं नाही. "मोठ्यानं बोला." तो म्हणाला, "हो."

त्याला अवघड जातंय हे दिसत होतं. लोकांसमोर बोलायची त्याला कधीच सवय नव्हती. माझ्यामुळे आणखी वेळ लागू नये, म्हणून मी माझं "हो" लगेच आणि स्पष्ट म्हटलं. बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि सही केली.

जिन्यावर तो थांबला होता.

"पुस्तिका झाली का?"

"एक पान राहिलंय. मागे घेतलेल्या आवृत्त्यांचं."

"राहू दे की एखादं पान."

"मी अर्धवट काम ठेवत नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. थोडा हसला असं वाटलं. मग विचारलं, "जेवलीस?"

मी "हो" म्हटलं. हेही खोटं.

गुरुवार, ३१ जुलै

त्याचा शेवटचा दिवस. दुपारी प्रेमराजभाऊंनी त्याला फोनवरून निरोप दिला. स्पीकर लावला होता, सगळे काही ना काही बोलले. मी "शुभेच्छा" म्हटलं. तो "आभारी आहे" म्हणाला.

पाच वाजता टूलचा नवा बदल आला. सहावा. वैतागण्याआधी चालवून पाहिला. साधी कमांड, पुढे काहीही न जोडता. २.३. मग २.४. मग २.५.

२.४ च्या ओळीत: फोनची संख्या शून्य, शेरा 'मागे घेतली'. आणि काय बदललं ते सांगायच्या जागी त्यानं लिहिलं होतं: "ही आवृत्ती आता यादीत कायम दिसेल. आधी लपवली जात होती. ती चूक होती."

शेवटचं पान लिहिलं. पाच ओळी झाल्या. "मागे घेतलेली आवृत्ती आता वापरता येत नाही. तरी तिचा क्रमांक तिचाच राहतो आणि ती यादीत आपल्या जागी दिसते." दोनदा वाचलं. वाक्य बरोबर आहे. प्रेमराजभाऊंना पाठवलं. ते म्हणाले, "झक्कास. संपलं ना एकदाचं?"

संपलं म्हटलं.

शनिवार, २ ऑगस्ट

सकाळी नऊला जितेंद्रच्या फोनवरून फोन आला. मी उचलला तर सुनंदाबाई होत्या.

"काय करी ऱ्हायनी व?"

"काही नाही आई. तुम्ही?"

"रोटना गहू काढस. उद्या कानबाई." मग म्हणाल्या, "तू आते रोट खाऊ शकत नही. तुले माहीत शे."

"माहीत आहे."

"पन मोजाले कोन नही म्हनी?"

त्यांनी मागे कोणाला तरी सांगितलं, "आठे धर. गहूजोडे धर, तिले ऐकू जाऊ दे." फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. कोणी तरी जवळून श्वास घेत होतं. त्यांचा श्वास मला माहीत आहे, हा त्यांचा नव्हता.

"झुलाल," सुनंदाबाई लांबून म्हणाल्या. परातीत गहू पडले. आधी पूर्ण मूठ, मग पाव.

"चिंधा." मूठ, मग पाव.

"रतिलाल."

"भूषण."

"जितेंद्र." इथे श्वास थांबला.

मग कोणतंही नाव आलं नाही. मी फोन कानाशी दाबून धरला होता. पूर्ण मूठ पडली. थोड्या वेळानं पाव पडली, एकदम नाही, बोटांतून हळूहळू सोडल्यासारखी.

"कितल्या व्हयन्यात व?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"सहा," मी म्हटलं. "बरोबर आहेत."

त्यांनी परात उचलून नेली असावी, बांगड्यांचा आवाज लांब गेला. फोन त्याच्या हातात होता. त्यानं ठेवला नाही, मीही ठेवला नाही. त्याला काही विचारायचं असेल म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली. मग वाटलं, चुकून चालू राहिला असेल, आणि बंद केला.